पुलावर अनोळखी

३ मार्च, मंगळवार

आमच्या कामात काही लिहून ठेवायचं नसतं. नावं नाहीत, तारखा नाहीत, फोटो तर नाहीतच. हे मी इतकी वर्षं पाळलं. आज कोपऱ्यावरच्या दुकानातून ही वही आणली, कारण ओरेथा गेली आणि ते सांगावं असं माझ्याकडे कोणी नाही.

रविवारी सकाळी, चर्चला निघायच्या आधी, आईच्या स्वयंपाकघरात. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. मला काल कळलं, तेही तिच्या आईकडून. मिसेस टॉलिव्हर यांच्याकडे माझा नंबर आहे हेच मला ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "नोएला ना? बाळ, बसली आहेस का? आधी बस."

मी बसले नाही. उभ्याउभ्याच ऐकलं आणि म्हणाले, "कळवल्याबद्दल आभारी आहे." बँकेतून फोन आल्यासारखं. त्या वाक्याची लाज अजून जात नाही.

४ मार्च

लिहायचंच तर स्पष्ट लिहावं. आम्ही दोघी वेश्याव्यवसाय करतो. करायचो. हा शब्द मी पहिल्यांदाच लिहिते आहे. कागदावर तो सरकारी दिसतो. मी कॅनडातल्या विंडसरची, ती नदीपलीकडे अमेरिकेतल्या डेट्रॉइटची. आमच्यातल्या बऱ्याच जणी दौरे काढतात. तारखा जाहीर करायच्या, हॉटेल घ्यायचं, चार दिवस काम, मग पुढचं शहर. आम्ही दोघी मिळून जायचो: क्लीव्हलँड, पिट्सबर्ग, इकडे हॅमिल्टन, टोरांटो. एकीचं गिऱ्हाईक वर असताना दुसरी खाली लॉबीत बसून घड्याळाकडे लक्ष ठेवायची. सोबत त्यासाठीच. काम संपल्यावर एखादा दिवस जास्त राहायचो, तेव्हाही एकाच खोलीत. दोन खोल्या उगाच कशाला.

इकडे माझ्यावर गुन्हा नाही. विकत घेणाऱ्यावर आहे. पण ओरेथा पाहुणी म्हणून येऊन हे काम करताना सापडली असती तर तिला हाकलून दिलं असतं. मी तिकडे सापडले असते तर माझं जाणं बंद. सरहद्दीची तपासणी नदीवरच्या पुलावर, म्हणून तिने नियम घालून दिला होता: पुलावर आपण अनोळखी. वेगळ्या गाड्या, वेगळ्या रांगा, फोनमधलं सगळं पुसलेलं, आणि काही झालं तरी दुसरीचं खरं नाव तोंडातून काढायचं नाही. पलीकडे डोनटच्या दुकानामागे भेटायचं. ती नेहमी आधी पोचायची आणि माझी कॉफी गार व्हायची, त्यावरून भांडण.

६ मार्च, शुक्रवार

मिसेस टॉलिव्हर यांचा पुन्हा फोन. माती पुढच्या शनिवारी अकरा वाजता, त्यांच्या चर्चमध्ये.

"त्या दिवशीच्या कार्यक्रमाची पत्रिका छापायला द्यायची आहे," त्या म्हणाल्या. "आठवणी सांगायला प्रत्येकी दोन मिनिटं ठेवली आहेत. त्यात तुझं नाव घालते."

"मला चारचौघांत बोलता येत नाही."

"दोन मिनिटं कोणालाही येतं. आणि आमच्यात दोन मिनिटं म्हणजे दहा. पाद्रीबाबा खोकतात, पण ऐकतंय कोण."

"मी काय बोलणार? आम्ही कामापुरत्या…"

"हो, ती हॉटेलांमधली प्रदर्शनं," त्या म्हणाल्या. "सांगायची मला. पण बाळ, तिच्याबरोबर इतके दिवस राहिलेली दुसरी कोणी नाही. भाऊबंद काय, लहानपणीच्या गोष्टी सांगतील. मोठी झालेली ओरेथा कोण सांगणार? एवढं कर माझ्यासाठी. आणि घरच्यांच्या रांगेत बस, माझ्या डाव्या हाताला."

व्यापारी प्रदर्शनांत आम्ही नावनोंदणीच्या टेबलावर बसतो, असं ओरेथाने घरी सांगून ठेवलं होतं. बिचाऱ्या बाईंचा अजून त्यावर विश्वास आहे. घरच्यांच्या रांगेत मी कशी बसणार? पण त्यांच्याकडची माणसंच तशी, कोणालाही घरचं म्हणतात. मी हो म्हणाले.

९ मार्च

मॅग्जला फोन केला. ती टोरांटोची, आमच्याच कामातली, माझ्याहून पुष्कळ लहान. मला आजी म्हणते.

"आजी, नीट ऐक," ती म्हणाली. "तू दौऱ्यावर चाललेली नाहीस. मातीला चाललीयेस. मग मातीला जाणारी बाई जाते तशी जा. फोन पुसू नकोस. तुझा फोन इतका स्वच्छ असतो की त्यावर जेवण वाढावं. त्यानेच संशय येतो माणसाला."

"बरं."

"बरं नाही, शप्पथ घे. आणि ती जाहिरात उतरव. तुमच्या दोघींची. अजून आहे तशीच, एप्रिलमध्ये क्लीव्हलँडला येतोय म्हणून. मेलेल्या बाईच्या तारखा लागल्यात तिथे. मला बघवलं नाही."

"पासवर्ड ओरेथाकडे असायचा."

"तुला माहीत नाही?"

"शोधते."

"आज शोध. 'शोधते' म्हणजे तुझं महिनाभर चालतं."

पासवर्ड मला माहीत आहे. संध्याकाळी ते पान उघडलं. साब्रिना व्हेल, म्हणजे कामावरची ओरेथा, पिवळ्या खुर्चीत बसून हसते आहे. मागे माझी पाठ आणि वेणी. खाली तिनेच लिहिलेला मजकूर, तिच्या त्या विनोदांसकट, जे गिऱ्हाइकांना कधीच कळायचे नाहीत. माझ्याकडे तिचा दुसरा फोटो नाही. काढून टाकायचं बटण तिथेच होतं.

आज नको म्हटलं. उद्या करीन.

१० मार्च

मिसेस हद्दाद म्हणून एक वकील आहेत, आमच्यासारख्यांना सल्ला देतात. त्यांच्या ऑफिसात गेले. शांत बाई. त्या म्हणाल्या, "कोणाची माती, कुठे, किती वाजता, एवढं खरं सांगा. पत्रिका जवळ ठेवा. अशा वेळी सहसा कोणी अडवत नाही. पण विचारलंच काही, तर उत्तर द्या किंवा देणार नाही म्हणा. खोटं मात्र बोलू नका."

"कामाबद्दल विचारलं तर?"

"तर उत्तर देणार नाही म्हणा, आणि स्वतःहून परत फिरते अशी विनंती करा. ऐकतील, कदाचित ऐकणार नाहीत. कामामुळे दार बंद झालं तर ते दहा वर्षांनी उघडतं, मधे विशेष परवानगीही मागता येते. खोटं बोलल्याची मुदत कधी संपत नाही. एवढंच लक्षात ठेवा."

मी लक्षात ठेवलं. शाळेत असल्यापासून सूचना माझ्या पटकन पाठ होतात.

१३ मार्च, शुक्रवार

दोन मिनिटांचं लिहून पाठ केलं. "ओरेथा टॉलिव्हर या माझ्या सहकारी होत्या. त्या वक्तशीर आणि विनोदी होत्या." असं बरंच. वाचताना घड्याळ लावलं तर निम्म्या वेळात संपलं. आणखी काय सांगावं सुचेना. जे सुचतं ते सांगण्यासारखं नाही.

काळा पोशाख इस्त्री केला. तिथे बायका हॅट घालतात, म्हणून एक हॅट आणली. ती घातली की मी लग्नाला आलेल्या दूरच्या मावशीसारखी दिसते. ओरेथा लोळून हसली असती.

पत्रिका फोनवर आली होती. सामान भरून झालं. मग खुर्चीत बसले आणि फोन पुसला.

ठरवून नाही. घराबाहेर पडताना दिवा बंद करतो तसं हातांनी केलं. पूल ओलांडायच्या आदल्या दिवशी मी इतकी वर्षं तेच करत आले आहे. पत्रिका गेली. मिसेस टॉलिव्हरांचे निरोप गेले. ओरेथाचे आवाजी निरोप उरले होते तेही गेले. शेवटच्यात ती माझ्याशी बोलतसुद्धा नव्हती, फोन चालू राहिला होता आणि ती किराणा दुकानात काहीतरी गुणगुणत टोमॅटो निवडत होती, दुकानदाराला म्हणत होती, "हे काय, गेल्या वर्षीचे का?"

काय केलं ते लक्षात आलं तेव्हा सगळं संपलं होतं. मॅग्जला सांगितलेलं नाही. जाहिरातही तशीच आहे.

१४ मार्च, शनिवार

लिहायला हवं म्हणून लिहिते.

सकाळी लवकर निघाले. पलीकडच्या तपासणीच्या रांगेत तरुण अधिकारी होता, चेहरा प्रेमळ होता. त्याने विचारलं, "कुठे निघालात?"

मी म्हणाले, "खरेदीला."

माझं नेहमीचं उत्तर. पुलावर गाडी थांबली की ते आपोआप येतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या सीटवरच्या हॅटकडे.

"या कपड्यांत खरेदी?"

"नाही. म्हणजे, एका मातीला चालले आहे."

"वाईट झालं. कोणाची?"

आणि मी म्हणाले, "साब्रिना व्हेल."

ओरेथा हे नाव माझ्या तोंडात आलं होतं. पण पुलावर ते घ्यायचं नसतं. मी ते गिळलं आणि दुसरं बाहेर आलं, आणि ते बाहेर आल्यावरच मला ऐकू आलं.

"काही कागद? पत्रिका वगैरे?"

"फोनवर होती."

त्याने फोन मागितला. "किती जुना फोन आहे?"

"बरीच वर्षं झाली."

"आणि यात एक फोटो नाही, एक निरोप नाही." तो ओरडला नाही. "मॅडम, गाडी त्या बाजूला घ्या."

आतल्या खोलीत एक वयस्क अधिकारी बाई होत्या. त्यांनी पाणी दिलं. सांगितलं की आता मी जे बोलेन ते शपथेवर लिहिलं जाईल. मग मी सांगितलेलं नाव शोधून संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. पिवळी खुर्ची.

"ही पाठमोरी तुम्ही का?"

"नाही."

माझी वेणी खांद्यावरून पुढे आली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

"आणि ही बाई? हिला ओळखता?"

ओरेथा माझ्याकडे बघून हसत होती. फोटो काढणाऱ्याने काहीतरी वाह्यात म्हटलं होतं, त्यावर. मला तो दिवस आठवतो.

मी म्हणाले, "नाही. मी हिला ओळखत नाही."

"मग आज माती कोणाची आहे, मॅडम?"

तेव्हा कुठे वकीलबाईंचं आठवलं आणि म्हणाले, मला स्वतःहून परत फिरू द्या. त्या म्हणाल्या, "हे आधी म्हणाला असतात तर विचार केला असता." खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणाल्या. सह्या केल्या. बोटांचे ठसे दिले. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून गेले होते.

परतीच्या बाजूला आमच्याकडच्या तपासणीवरच्या पोराने विचारलं, "काही आणलंत का?" मी नाही म्हणाले. हे तेवढं खरं होतं.

१५ मार्च

मिसेस टॉलिव्हरांचे फोन येत आहेत. घेतले नाहीत.

मिसेस हद्दाद यांना कळवलं. त्या म्हणाल्या, परवानगीसाठी अर्ज करता येतो, पण आता अवघड आहे. मग म्हणाल्या, "तुम्हाला तर सगळं पाठ होतं." टोमणा नव्हता. त्यांना खरोखर समजत नव्हतं. मलाही नाही.

१८ मार्च

मॅग्जने आधी शिव्या दिल्या, पोटभर. "फोन पुसलास आणि जाहिरात ठेवलीस! उलटं, बाई, अगदी उलटं! दहा वर्षांची बंदी एका सकाळी आयुष्यभराची करून आलीस!" मग एकदम म्हणाली, "आजी, पासवर्ड सापडला नव्हता ना खरंच?"

मी म्हणाले, सापडला होता.

ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात मी येते तुझ्याकडे. तू एकटी बसू नकोस." तिला कशाने एवढं वाईट वाटलं कळलं नाही. चूक माझी होती.

तिकडे जाता येणार नाही याचं दुःख आहे का, ते शोधून पाहिलं. फारसं नाही. क्लीव्हलँड काय, आता कोणाबरोबर जाणार होते. ते एक वाक्य तेवढं राहतं. भांडी घासताना ऐकू येतं, माझ्याच आवाजात, अगदी सभ्य.

२२ मार्च, रविवार

दुपारी खाली दाराची घंटा वाजली. खिडकीतून पाहिलं तर रस्त्यावर मिशिगनच्या, म्हणजे पलीकडच्या, नंबरची गाडी, आणि दारात जांभळी हॅट घातलेली म्हातारी. मागे उंचापुरा माणूस, हातात झाकलेले डबे आणि आमची राखाडी बॅग.

मी दार उघडलं. मिसेस टॉलिव्हर यांना मी आज पहिल्यांदा पाहिलं. ओरेथाचं कपाळ.

"तू फोन घेत नाहीस, म्हणून आले," त्या म्हणाल्या. "हा माझा पुतण्या, टेरेल. टेरेल, ते वर ठेव आणि गाडीत जाऊन बस. बायकांचं बोलणं आहे."

"काकू, बाहेर थंडी आहे."

"गाडीला हीटर आहे. जा."

डब्यांत तळलेली कोंबडी, मॅकरोनी, केक. मातीनंतरच्या जेवणातलं माझ्या वाटचं राहिलं, म्हणून त्यांनी तेच पदार्थ आज पुन्हा ताजे करून आणले होते. ते गरम करायला ठेवलं. पण माझं लक्ष बॅगेकडे होतं. आमचे तिकडच्या कामाचे कपडे, बूट, बाकीचं सगळं त्या बॅगेत. पुलावरून न्यायला नको म्हणून ती कायम ओरेथाच्या घरी असायची.

"पुलावर तुमच्या बाजूच्या पोराने उघडायला लावली," त्या म्हणाल्या. "एकेक वस्तू काढून बघतो आणि कानापर्यंत लाल होतो. म्हणाला, आजी, हे सगळं कोणाचं? म्हटलं, माझं."

"तुम्ही…"

"म्हटलं, माझं. तुला काय वाटलं, चर्चच्या बाया रविवारी संध्याकाळी काय घालतात? भराभर बॅग बंद केली त्याने. टेरेलचं तोंड बघायला हवं होतंस."

मला हसू आलं नाही. मी विचारलं, "तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

"बाळ, नावनोंदणीच्या टेबलावर बसायला असले बूट लागतात का?" त्यांनी हॅट काढून मांडीवर ठेवली. "तुझ्या आणि तिच्याबद्दलही माहीत आहे. नाहीतर डाव्या हाताला जागा ठेवली असती का मी?"

याचा अर्थ मला नीट लागला नाही आणि विचारायचा धीर झाला नाही.

मग त्या म्हणाल्या, "पाद्रीबाबांनी तुझं नाव घेतलं. कोणी उठलं नाही. ते पुढचं नाव घेणार होते. मी म्हटलं, थांबा, येईल ती. तुझी दोन मिनिटं सगळं चर्च मान वळवून दाराकडे बघत बसलं. बाळंसुद्धा गप्प होती."

तेव्हा मी सांगितलं. गाडी बिघडल्याची सबब तयार होती, ती सांगितली नाही. खरेदी, फोन, साब्रिना, खोली, पडदा. आणि ते वाक्य, जसं म्हटलं होतं तसं.

ओव्हनचा वास येत होता.

"हे मला आवडलं नाही," त्या म्हणाल्या.

"हो."

"ओळखत नाही म्हणालीस."

"पुलावर तसंच म्हणायचं असं आमचं ठरलं होतं."

"ठरवलं कोणी?"

"ओरेथाने."

"शहाणी होती माझी पोर. तुला सांभाळायला ठरवलं असणार. पण ती मेली होती, नोएला. आता तिचं कोण काय बिघडवणार होतं?"

मी खाली मान घालून बसले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, आणि ते बरं झालं. मला ते सोसलं नसतं.

मग त्यांनी खुर्ची टेबलापासून मागे ओढली, माझ्याकडे तोंड करून बसल्या आणि पर्स मांडीवर घट्ट धरली, चर्चमध्ये बसतात तशी.

"उठ," त्या म्हणाल्या. "आमच्यात बसून बोलत नाहीत."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. "ओरेथा टॉलिव्हर या माझ्या सहकारी…"

"हे नको. हे कोणीही सांगेल."

मी पुन्हा सुरू केलं. काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. पिट्सबर्गला बर्फात अडकलो होतो त्या रविवारपासून सुरुवात केली. ओरेथाने हॉटेलच्या इस्त्रीवर चीजचे सँडविच भाजले आणि धूर झाल्यावर सगळा मजला खाली रस्त्यावर, ती पायजम्यात, सगळ्यांना सांगते आहे की आग तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने लावली. मिसेस टॉलिव्हर हसल्या, मग रडल्या, मग हातानेच खूण केली की थांबू नकोस. मी अडले की त्या म्हणायच्या, "आणि मग?" किंवा नुसतं, "सावकाश, बाळ, सावकाश." मी सांगत गेले. ती झोपेत काय बडबडायची तेही सांगितलं. ते मला माहीत असण्याचं कारण त्यांनी विचारलं नाही.

खालून हॉर्न वाजला. जरा थांबून पुन्हा वाजला.

मिसेस टॉलिव्हर उठल्या, खिडकीची काच वर सरकवली आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "गप बस, टेरेल! हिची दोन मिनिटं अजून संपलेली नाहीत!"